मीटरवर १,४८,०००, स्कॅनरवर ३८

ताई-दाजींच्या घरात माणसं सहा. ते दोघं, तीन मुलं आणि दाजींची आई. दोन मुलं अजून चाइल्ड सीटमध्ये बसणारी, आणि आईंचे गुडघे असे की गाडीत चढायचं म्हटलं तर त्या घरीच थांबणं पसंत करतात. अशा घराला मिनीव्हॅनच सोयीची पडते. मजला खाली असतो, दरवाजे सरकते असतात आणि तिसऱ्या रांगेत खरोखरची माणसं बसू शकतात. नवी घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून वापरलेली शोधली आणि सापडल्यावर मला बोलावणं आलं. मी बावीस वर्षं गॅरेजात काढली आहेत. घरात कुणीही जुनी गाडी घ्यायची तर ती मी बघायची, आणि पुढे तिने त्रास दिला तर बोलणीही मीच खायची, अशी आमच्याकडची वहिवाट आहे.

गाडी ९ वर्षांची, एकाच मालकाची, १,४८,००० किलोमीटर चाललेली. पेट्रोलवरचं व्ही-६ इंजिन, सहा गिअरचा ऑटोमॅटिक, पुढच्या चाकांवर चालणारी. कंपनीचं नाव मी इथे मुद्दाम देत नाही. नाव वाचलं की माणूस तिथेच मत ठरवून मोकळा होतो. दाजींचं नेमकं तेच झालं होतं.

नावाचा भरवसा

"अरे, ही गाडी पाच लाख किलोमीटर जाते. जिथे बघावं तिथे हेच लिहिलंय," दाजी म्हणाले. त्यांनी दोन आठवडे वाचन केलं होतं आणि ते वाया गेलं असं मी म्हणणार नाही. चांगल्या नावाच्या गाडीला सुटे भाग मिळतात, तिची नस माहीत असलेले मिस्त्री मिळतात. पण ते नाव हजारो गाड्यांच्या सरासरीतून आलेलं असतं, आणि विकत घेताना आपल्या वाट्याला त्यातली एकच येते.

शिवाय नाव मॉडेलचं असलं तरी दोष विशिष्ट वर्षांचे आणि विशिष्ट भागांचे असतात. होंडा ओडिसी मिनीव्हॅनमध्ये वरच्या रांगेत धरतात, पण १९९९ ते २००४ च्या ओडिसीचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बदनाम होते. २००४ मध्ये होंडाने अमेरिकेत सुमारे ११ लाख गाड्या परत बोलावल्या, त्यांत ओडिसीही होती. दुसरा गिअर जास्त तापून त्याचे दाते तुटण्याची भीती होती. टोयोटा सिएनाबद्दल तर लोक डोळे मिटून बोलतात. तिच्या १९९८ ते २०१० च्या गाड्या स्टेपनी धरणारी केबल बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गंजते म्हणून परत बोलावल्या गेल्या, आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ७ लाख ४४ हजार गाड्या सरकता दरवाजा चालत्या गाडीत उघडू शकतो म्हणून. या गाड्या वाईट असं माझं म्हणणं नाही. आपण बघतोय त्या वर्षाच्या गाडीचं दुखणं कोणतं, आणि या एका गाडीत ते येऊन गेलं की अजून यायचं आहे, एवढं विचारायला नाव थोडं बाजूला ठेवावं लागतं.

मिनीव्हॅनचं एक दुखणं मात्र जवळजवळ सगळ्या कंपन्यांना लागू पडतं. बहुतेक मिनीव्हॅन सेडानच्या ढाच्यावर उभ्या राहिल्या. ओडिसीचं नातं अकॉर्डशी, सिएनाचं कॅमरीशी. गाडी रिकामीच दोन हजार किलोच्या आसपास, वर सात माणसं आणि सामान मिळून आणखी पाच-सहाशे किलो. इंजिन हे ओझं निभावून नेतं. गिअरबॉक्स तापतो, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल जळतं ते उष्णतेनेच. म्हणून मी इंजिनापेक्षा गिअरबॉक्सकडे जास्त वेळ देतो.

पहिली भेट

विकणारे गृहस्थ साठीकडे झुकलेले, मुलं मोठी होऊन घराबाहेर पडलेली. बोलणं साधं. मी फोनवर एकच विनंती केली होती की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावला तर कोमट. "धुऊन आणली हो तुमच्यासाठी," ते म्हणाले. असेलही. पण थंड इंजिन सुरू करताना पहिल्या दोन सेकंदांत जे ऐकू येतं, टायमिंगच्या बाजूची खडखड किंवा मागून निळसर धुराचा एक झोत, ते त्या दिवशी हातचं गेलं.

मग स्कॅनर लावला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र. फॉल्ट कोड, म्हणजे दोषाची नोंद, एकही नाही. दाजींचा चेहरा खुलला. माझा नाही. स्कॅनरवर कोडच्या पलीकडे दोन गोष्टी दिसतात ज्या फारसं कुणी बघत नाही. एक, कोड पुसल्यापासून गाडी किती चालली. दुसरी, गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पुऱ्या झाल्या आहेत का. इंजिनचा कॉम्प्युटर कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग), ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलच्या वाफांची यंत्रणा यांच्या चाचण्या गाडी चालत असताना आपोआप घेतो. कोड पुसले की या सगळ्या चाचण्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात. इथे कोड पुसल्यापासूनचं अंतर होतं ३८ किलोमीटर, आणि कॅटलिटिक कन्व्हर्टरसकट तीन चाचण्या अपुऱ्या. याचा अर्थ गाडीत दोष नाही असा होत नाही. दोष आहे का ते बघायला गाडीला अजून सवडच मिळालेली नाही, एवढाच होतो.

दाजींना मी बाजूला घेऊन हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे फसवतोय?" असं थेट म्हणता येत नव्हतं. गृहस्थांनी चार दिवसांपूर्वी बॅटरी बदलली होती, पावती होती, बॅटरीवरची तारीखही जुळत होती. बॅटरीची वायर सोडली तरी पुष्कळ गाड्यांत हेच घडतं. एकाच खुणेचे दोन अर्थ, एक निरागस आणि एक नाही. हा निकाल माणसाच्या चेहऱ्यावरून लावायचा नसतो. (मी लावला आहे, दोनदा, आणि दोन्हीदा चुकलो.)

कागदांची फाइल जाडजूड होती. ९२,००० किलोमीटरपर्यंत इंजिन ऑइल वेळेवर, प्रत्येक वेळची पावती. नंतर थेट १,२१,०००. मधले २९,००० किलोमीटर कोरे. "जवळच्या गॅरेजात करत होतो, तो पावती देत नसे." १,२१,००० नंतर पुन्हा सगळं नीट. गिअरबॉक्सचं तेल एकदाच, ८०,००० ला. टायमिंग बेल्टची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची चाल जुळवणाऱ्या पट्ट्याची, नोंद कुठेच नाही. या इंजिनाला बेल्ट आहे, साखळी नाही. तो साधारण १,६०,००० किलोमीटर किंवा ७ वर्षं, जे आधी होईल तेव्हा बदलायचा. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन गेलं म्हणून समजायचं.

इथे मी वहीत दोन रकाने पाडले. एका रकान्यात खर्च, दुसऱ्यात जोखीम. बेल्ट खर्चाच्या रकान्यात गेला. ९ वर्षं झालीत, तो बदलायचाच, सोबत वॉटर पंपही, आणि ती रक्कम किमतीतून वजा करायची. यात घाबरण्यासारखं काही नाही. कोरे २९,००० किलोमीटर जोखमीच्या रकान्यात, कारण त्या काळात इंजिनने काय सोसलं ते कुणी सांगू शकत नाही. बहुतेक लोक याच्या उलट वागतात. बेल्ट बाकी आहे म्हटलं की गाडी सोडून देतात, आणि फाइल जाड आहे म्हणून मधलं भगदाड बघतच नाहीत.

मीटर मागे फिरवल्याची शंका मला नव्हती. ब्रेक पॅडलच्या रबराची झीज, स्टिअरिंगवरची चकाकी, ड्रायव्हर सीटची कड, सगळं दीड लाखाला साजेसं. स्कॅनरने इंजिनचे चालू तासही दिले, ४,९००. भागाकार केला की सरासरी वेग ताशी ३० किलोमीटर. म्हणजे शाळा, बाजार, सिग्नल आणि वाट बघत चालू ठेवलेलं इंजिन. हायवेवर पळालेले १,४८,००० आणि हे १,४८,००० एक नव्हेत. दुसऱ्या प्रकारात इंजिन ऑइलचं आयुष्य मीटरपेक्षा घड्याळावर मोजायला हवं.

सहा माणसं घेऊन

चाचणीला ताई, मुलं आणि आईंनाही बसवायचं असा मी हट्ट धरला. विकणाऱ्यांना तो विचित्र वाटला, दाजींना लाजिरवाणा. पण घरची गाडी एकट्या ड्रायव्हरने रिकामी चालवून बघायची, यात मला काही अर्थ दिसत नाही. आईंना बसता येतं का, तिसऱ्या रांगेत चाइल्ड सीट लावल्यावर मधली सीट पुढे सरकते का, हेही त्यातच कळलं. आई विनासायास चढल्या आणि म्हणाल्या, "मला पसंत आहे." घासाघीस करायला आलेल्या माणसासमोर असं बोलू नये हे त्यांना कोण सांगणार.

पहिली पंधरा मिनिटं काहीच जाणवलं नाही. मग एका लांबलचक सौम्य चढावर, ताशी ६५ च्या आसपास, ॲक्सिलरेटर जेमतेम दाबलेला असताना गाडी थरथरली. कडेच्या पांढऱ्या जाड पट्ट्यांवरून चाक गेल्यावर होते तशी बारीक थरथर, तीन-चार सेकंद. दाजींना वाटलं रस्ताच तसा आहे. मागे वळून त्याच चढावर पुन्हा गेलो, पुन्हा थरथर.

अशी थरथर मुख्यतः दोन ठिकाणांहून येते. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसेल, किंवा टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचा) लॉक-अप क्लच, म्हणजे दोघांना थेट जोडणारा क्लच, घसरत असेल. दोहोंत ओळखायची युक्ती जुनी आहे. थरथर चालू असताना उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पॅडलला नुसता स्पर्श करायचा, ब्रेक लाइट लागेल इतकाच. ब्रेकचा स्विच लागला की कॉम्प्युटर लॉक-अप सोडतो. थरथर त्या क्षणी थांबली तर दोष कन्व्हर्टरच्या बाजूचा, चालूच राहिली तर इंजिनचा. मागे गाडी नाही असं बघून मी तिसऱ्या फेरीत ते केलं. थरथर थांबली. पाय काढला, दोन सेकंदांत परत आली.

परत आल्यावर गिअरबॉक्सचं तेल पाहिलं. ताजं तेल लाल असतं. हे चहाच्या रंगाचं होतं, पण जळका वास नव्हता आणि कागदावर टिपून उन्हात धरल्यावर धातूची चमक नव्हती. मग गाडीखाली शिरलो. मागच्या आडव्या दांडीवर दोन्ही बाजूंना बोल्टच्या भोकांभोवती रंग निघून घासल्याच्या खुणा. तिथे कधीतरी ट्रेलर ओढायचा हुक बसवलेला होता आणि नंतर काढला होता.

"ट्रेलर लावत होतात का?" मी विचारलं.

"तीन-चार वर्षं, सुट्टीत. छोटाच होता. कुणी विचारलंच नाही आजवर."

लपवण्याचा आव नव्हता. त्यांच्या लेखी ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. माझ्या लेखी, चहाच्या रंगाचं तेल, थरथर आणि हुक या तिन्ही गोष्टी एका ओळीत येऊन बसल्या.

बाकीचं भराभर सांगतो. डावा सरकता दरवाजा उजव्यापेक्षा हळू, केबलचे दोन-तीन तंतू तुटलेले. मागचा एसी थंड. पुढचे टायर झिजलेले आणि त्यांच्यावर छापलेल्या आठवडा-वर्षाच्या कोडनुसार ७ वर्षांचे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिले, चिखलाची रेघ नाही, म्हणजे पुरात बुडालेली नाही. चेसिस नंबरवरून तपासलं तर एअरबॅगचं एक रिकॉल, म्हणजे कंपनीने दुरुस्तीसाठी दिलेलं बोलावणं, बाकी. ते कंपनी फुकट करते, पण राहू द्यायचं नसतं. टकाटा कंपनीच्या एअरबॅगमधली रसायनं वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडून स्फोटात धातूचे तुकडे उडत होते, त्यात माणसं गेली आहेत.

माहिती विकत घेणं

घरी आल्यावर दाजींचे दोन सूर होते. "सोडून देऊ" आणि "लगेच टोकन देऊ, दुसरं गिऱ्हाईक येतंय म्हणाले." दोन्ही एकाच दहा मिनिटांत. ताईने मला विचारलं, "तू घेशील का?" मी म्हटलं, आत्ता हो पण म्हणता येत नाही आणि नाही पण. दोन प्रश्न उरले होते, थरथर तेलाने जाते का आणि पुसलेल्या कोडमागे काही दडलंय का, आणि दोन्हींची उत्तरं पैसे आणि आठवडाभर वेळ खर्चून मिळण्यासारखी होती.

विकणाऱ्यांपुढे आम्ही असं ठेवलं. तुम्ही आठ दिवस गाडी रोजच्यासारखी चालवा. मधल्या काळात गिअरबॉक्सचं तेल आम्ही आमच्या खर्चाने बदलून घेतो, गाडी तुमचीच राहील. थरथर गेली तर बोलू, नाही गेली तर तेल तुम्हाला भेट. यात त्यांचं नुकसान काहीच नव्हतं. दुसरं गिऱ्हाईक आलं तर गाडी देऊन टाका, असंही मी सांगितलं. दाजी माझ्याकडे बघत राहिले. ते गिऱ्हाईक आलं नाही.

लॉक-अपची थरथर पुष्कळदा म्हाताऱ्या तेलामुळेच होते. तेलातली घर्षण सांभाळणारी द्रव्यं संपली की क्लच धरतो-सोडतो, धरतो-सोडतो, आणि तेच आपल्याला थरथर म्हणून जाणवतं. नव्या तेलाने ती जाऊ शकते. क्लचचं अस्तरच गेलं असेल तर जात नाही, किंवा जाऊन परत येते. अडचण अशी की गिअरबॉक्सचा बोल्ट सोडला तर सगळं तेल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. या गिअरबॉक्सला सुमारे ८ लिटर लागतं आणि एका खेपेला निघतात सुमारे ३. एकदा बदललं तर पाच अष्टमांश जुनंच. मध्ये गाडी चालवून तीनदा बदललं की जुनं साधारण चतुर्थांश उरतं. जोराने ढकलून सगळं एकदम काढणारी मशीन मिळते, पण इतक्या जुन्या, कधीतरीच तेल बदललेल्या गिअरबॉक्सला मी ती लावत नाही.

पहिल्या खेपेनंतर थरथर तशीच होती. दुसऱ्या खेपेनंतर आली, पण पुसट. तिसरीनंतर त्याच चढावर, त्याच सहा माणसांसह, चार फेऱ्यांत एकदाही नाही. बोल्टच्या चुंबकाला तिन्ही वेळा राखाडी पीठ चिकटलं होतं, जे अपेक्षितच असतं. कीस किंवा तुकडे नव्हते.

आठव्या दिवशी सकाळी सहाला पोचलो. बॉनेट गार. किल्ली मी फिरवली. खडखड नाही, धूर नाही. पहिल्या भेटीला नेलेला माझा स्कॅनर जुना, तो कायमस्वरूपी कोडची यादी वाचत नाही, म्हणून या खेपेला दुसऱ्याचा मागून आणला होता. अलीकडच्या गाड्यांत दिवा लावणारा दोष या वेगळ्या यादीतही नोंदला जातो. तो स्कॅनरने पुसता येत नाही, बॅटरी काढूनही जात नाही. गाडी स्वतः ती चाचणी घेऊन पास होईल तेव्हाच नोंद उडते. यादी रिकामी. पुसल्यापासूनचं अंतर ४१२ किलोमीटर, कॅटलिटिक कन्व्हर्टरची चाचणी पुरी, फक्त वाफांची बाकी. ती टाकीत पेट्रोल मधल्या पातळीवर असल्याशिवाय होत नाही आणि त्यांनी टाकी कालच फुल्ल केलेली. बॅटरीची गोष्ट खरी होती. मी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली.

आकडा

मागितलेली किंमत १०० धरली. बेल्ट, वॉटर पंप, पुढचे दोन टायर, दरवाज्याची केबल यांचे मिळून १४. हा खर्चाचा रकाना. जोखमीच्या रकान्यात गिअरबॉक्स. तो पुढच्या दोन वर्षांत जाण्याची शक्यता मी चारात एक धरली. हे गणित नाही, हाताखालून गेलेल्या गाड्यांवरचा अंदाज आहे, आणि दुसरा मिस्त्री तीनात एक म्हणाला असता तर मी वाद घातला नसता. उघडून दुरुस्त करायचा तर ४० लागले असते. त्याचा चतुर्थांश १०. कोऱ्या २९,००० किलोमीटरसाठी मी वेगळं काही कापलं नाही. तेल भरायच्या झाकणातून आत पाहिलं तर धातू सोनेरी-तपकिरी होता, काळा चिकट थर नव्हता. सुटं कापलं असतं तर तो नुसता दबाव झाला असता.

तर आमचा आकडा ७६. ते ९० वर अडले. मी वही त्यांच्यापुढे ठेवली, दोन्ही रकाने वाचून दाखवले. ट्रेलरचं लिहिलेलं बघून ते हसले. व्यवहार ८० ला झाला. वरचे चार मी आईंच्या "मला पसंत आहे"च्या नावावर टाकले.

दाजींना मी अट घातली होती की गिअरबॉक्सचे ४० बाजूला काढून ठेवता येत नसतील तर गाडी घ्यायची नाही. सरासरीने १० कापले म्हणून बिल १० चं येत नाही. आलं तर पुरतं ४० चं येतं, नाहीतर शून्य. ही गोष्ट ताईला लगेच पटली, दाजींना उशिरा.

याला आता चौदा महिने झाले. गाडी १,६७,००० वर आहे. बेल्ट काढला तेव्हा त्याला बारीक भेगा होत्या, आणि वॉटर पंपाच्या कडेला कूलंटचे वाळलेले डाग. एकदाच गाडी ओढून आणावी लागली, ती माझ्या दोन्ही रकान्यांत नसलेल्या कारणाने. मागच्या हीटरकडे जाणारा कूलंटचा पाइप मजल्याखाली गंजून फुटला. मिनीव्हॅनमध्ये हा पाइप लांबच लांब असतो आणि मी गाडीखाली शिरलो होतो तेव्हा माझं सगळं लक्ष हुकाच्या भोकांकडे होतं.

थरथर परत आलेली नाही असं ताई म्हणते. दाजी म्हणतात, सगळे बसलेले असताना चढावर कधीकधी येते. मागच्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर त्या चढावर गेलो, दोन फेऱ्या मारल्या, मला जाणवली नाही. तेलाची पुढची खेप १,८०,००० ला ठरली होती, ती १,७०,००० वर आणली आहे.